पाऊस बघून महिना, पाणी बघून जंगल : सातारा-सांगलीकरांसाठी श्रीलंकेची पहिली सहल

श्रीलंकेला जायचं म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो ‘किती दिवसांचं पॅकेज आणि माणशी किती?’ असा. पहिल्या वेळी आम्हीही हाच प्रश्न घेऊन निघालो होतो. मुलांना सुट्टी मे महिन्यात, म्हणून मे. सहा दिवसांत नऊ गावं. देवमासे बघायचे म्हणून दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिसाला मुक्काम टाकला, तर समुद्र इतका खवळलेला की सगळ्या बोटी बांधून ठेवलेल्या. माझी धाकटी जाऊ दिवसभर खिडकीत बसून पाऊस बघत होती. त्या दिवसांत बेटाच्या दुसऱ्या अंगाला, त्रिंकोमालीकडे, ऊन असतं आणि समुद्र शांत असतो, हे आम्हाला साताऱ्याला परत आल्यावर कळलं.

तीन वर्षांनी ऑगस्टमध्ये पुन्हा गेलो. या वेळी सगळं आपलं आपण ठरवून. माझं माहेर माणदेशातलं. राजेवाडीच्या तलावात पाणी किती आहे, यावर त्या वर्षी पाखरं कुठं उतरतील आणि मेंढरं कुठं वळतील ते ठरतं, हे मी लहानपणापासून बघत आले. श्रीलंकेच्या निम्म्याहून जास्त भागात नेमकं तेच आहे. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते की पाऊस बघून महिना ठरवा आणि पाणी बघून जंगल ठरवा. बाकी हॉटेल आणि विमान हे सगळं त्यामागून येतं.

पहिली पायरी : महिना

या बेटावर पाऊस दोन दिशांनी येतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा, म्हणजे आपलाच मोसमी पाऊस. तो कोलंबो, गॉल, मिरिसा आणि डोंगराच्या पश्चिम उतारावर पडतो. डोंगराच्या पलीकडे, पूर्वेला आणि उत्तरेला, तेव्हा कोरडं असतं. महाबळेश्वर भिजत असताना दहिवडी-म्हसवडला धूळ उडते, त्यातलाच प्रकार. नोव्हेंबर-डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत ईशान्येचा पाऊस पूर्वेला आणि उत्तरेला पडतो. तेव्हा दक्षिण आणि पश्चिम किनारा हळूहळू निवळत जातो. मधल्या काळात, विशेषतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, दुपारनंतर कुठंही गडगडून सर येऊ शकते.

आता आपल्या सुट्ट्यांशी हे जुळवून बघा. जानेवारी ते मार्च जमत असेल तर दक्षिण किनारा, डोंगर आणि ‘याला’ नावाचं अभयारण्य असा फेरा घ्या, तो सगळ्यात निर्धास्त. मे महिन्याचीच सुट्टी असेल तर मिरिसाचा हट्ट सोडा. सिगिरियाचा कातळगड, पोलोन्नरुवाची जुनी राजधानी आणि त्रिंकोमालीचा किनारा असा उत्तर-पूर्वेचा बेत करा. ऑगस्टमध्ये जाता आलं तर मिन्नेरियाच्या तलावावरचे हत्ती बघायचा योग असतो, आणि कँडीतला पेराहेरा हा सजवलेल्या हत्तींचा उत्सवही जुलै-ऑगस्टमध्येच येतो. दिवाळीत गेलात तर रोज दुपारी छत्री लागेल असं धरून चाला. एप्रिलच्या १३-१४ तारखेला सिंहली-तमिळ नववर्ष असतं. त्या आठवड्यात दुकानं बंद असतात, गाड्या भरलेल्या असतात आणि चालक आपापल्या गावी गेलेले असतात. तो आठवडा टाळा.

दुसरी पायरी : कागदपत्रं आणि पैसे

घरात कुणाचाच पासपोर्ट नसेल तर सहलीच्या चार महिने आधी अर्ज करा. अर्ज ऑनलाइन होतो. छत्तीस पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये आहे. आधार, शाळेचा दाखला आणि बँकेचं पुस्तक या तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का, ते अर्ज करायच्या आधी बघून घ्या. आपल्याकडे लग्नानंतर बायकांची नावं अर्ध्या कागदांवर बदललेली आणि अर्ध्यांवर माहेरचीच असतात, तिथंच गाडी अडते. जुना पासपोर्ट असेल तर प्रवासाच्या तारखेपुढे किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी.

श्रीलंकेत उतरण्याआधी ऑनलाइन प्रवास परवानगी घ्यायची असते, तिला ईटीए म्हणतात. भारतीयांसाठी तिच्या फीचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले. म्हणून गेल्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याचं ऐकू नका, श्रीलंका सरकारच्या संकेतस्थळावर जे लिहिलंय तेच धरा. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट जादा पैसे घेतात, पत्ता नीट वाचा.

एका भारतीय रुपयाला साधारण तीन-साडेतीन श्रीलंकन रुपये मिळतात. सगळ्या किमती मोठ्या वाटतात, दोन दिवसांत सवय होते. २०२४ च्या फेब्रुवारीपासून तिथं आपलं यूपीआय सुरू झालंय, शहरातल्या बऱ्याच दुकानांत क्यूआर कोडवर पैसे देता येतात. पण अभयारण्याच्या गावात, देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्यापाशी आणि रस्त्याकडेच्या शहाळ्याला रोख लागते. घड्याळ बदलायची गरज नाही, तिथली वेळ आपलीच आहे.

विमान मुंबईहून थेट मिळतं, अडीच तासांच्या आसपास लागतात. साताऱ्याहून पहाटेचं विमान गाठायचं तर आदल्या संध्याकाळीच निघा. खंबाटकी, पुणे आणि द्रुतगती मार्ग यांतला एक जरी अडला तरी तीन तास जातात.

तिसरी पायरी : नकाशा छोटा, रस्ता लांब

श्रीलंकेचं क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर आहे, महाराष्ट्राच्या जवळपास एक पंचमांश. त्यामुळे सगळं एका फेरीत उरकेल असं वाटतं, आणि फसगत तिथंच होते. कोलंबोपासून दक्षिणेला द्रुतगती मार्ग आहे, तो झकास. बाकी बहुतेक रस्ते गावागावातून जाणारे, एकपदरी आणि वळणांचे. कोलंबोहून सिगिरिया पावणेदोनशे किलोमीटर, पण चार तास धरा. कँडीहून नुवारा एलियाला पाऊणशे-ऐंशी किलोमीटरला अडीच-तीन तास लागतात. पसरणी घाट लागोपाठ पाच वेळा चढल्यासारखं होतं. ज्यांना घाट लागतो त्यांनी ओकारीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्यावी.

माझा हिशेब असा. सात रात्री असतील तर मुक्कामाची गावं तीन, फार तर चार. एका गावी दोन रात्री राहिलात की एक सकाळ जंगलासाठी मोकळी मिळते, आणि जंगल सकाळीच बघायचं असतं. उत्तरेचा फेरा करायचा तर सिगिरिया किंवा हबरना इथं तीन रात्री, त्रिंकोमालीला दोन, कँडीत एक आणि विमानतळाजवळ नेगोंबोला एक. दक्षिणेचा करायचा तर कँडी, नुवारा एलिया किंवा एला, मग ‘याला’ किंवा उडवलवेचं जंगल, शेवटी गॉल. दोन्ही फेरे एका आठवड्यात बसवू नका. आम्ही बसवायला गेलो होतो. नुवारा एलियाचे चहाचे मळे आम्ही अंधारात पार केले.

चालकासकट गाडी ठरवणं चौघांच्या कुटुंबाला सोयीचं पडतं. ठरवताना तीन गोष्टी लेखी घ्या : रोजचे किलोमीटर किती धरलेत, चालकाच्या राहण्या-जेवणाचे पैसे कुणी द्यायचे, आणि मसाल्याच्या बागेत वा रत्नांच्या दुकानात आपण सांगितल्याशिवाय गाडी थांबवायची नाही. माताळेच्या वाटेवर अशा बागा ओळीने आहेत. दालचिनीचं झाड बघायला मजा येते, पण बाहेर पडताना हातात महागडं तेल ठेवलं जातं.

कँडी ते एला हा डोंगरातला रेल्वेप्रवास सगळ्यांना हवा असतो. आरक्षण साधारण ३० दिवस आधी उघडतं आणि भराभर संपतं. २०२५ च्या नोव्हेंबर अखेरीस दितवा चक्रीवादळाने या डोंगरी भागात मोठ्या दरडी कोसळल्या आणि रेल्वेमार्गाचं बरंच नुकसान झालं. म्हणून गाडी पूर्ण मार्गावर धावतेय का, हे आधी विचारून मगच बेत पक्का करा. आणि दारात लोंबकळून फोटो काढू नका. बोगदे अरुंद आहेत.

चौथी पायरी : पाणी बघून जंगल

बेटाच्या उत्तर-पूर्वेचा आणि आग्नेयेचा सगळा पट्टा कोरडा. तिथल्या राजांनी दीड-दोन हजार वर्षांपूर्वी तलाव बांधून तो जगवला. तलावाला ते ‘वेवा’ म्हणतात. गावाचा वेवा, त्याच्या खाली दुसऱ्या गावाचा, त्याच्याही खाली तिसऱ्याचा, अशी उतरंड लावलेली. वरच्यातून सांडलेलं पाणी वाया न जाता खालच्याला मिळतं. पावसाचा एकही थेंब माणसाच्या कामी आल्याशिवाय समुद्राला मिळू द्यायचा नाही, असं बाराव्या शतकातला राजा पराक्रमबाहू म्हणे, अशी तिथं परंपरा आहे. त्याने पोलोन्नरुवाला बांधलेल्या तलावाचं नावच पराक्रम समुद्र. मी त्याच्या बांधावर उभी राहिले तेव्हा पलीकडचा काठ पुसट दिसत होता. टँकरची वाट बघत वाढलेल्या माणसाला ते पाणी बघताना काय वाटतं, ते आमच्या माणदेशातल्या लोकांना सांगायला नको.

या तलावांवरच आज तिथली रानटी जनावरं जगतात. मिन्नेरियाचा तलाव महासेन राजाने बांधला, तिसऱ्या शतकाच्या अखेरीस. पुढे लोकांनी त्या राजालाच मिन्नेरियाचा देव केलं. पावसाळ्यानंतर तलाव तुडुंब असतो. जून-जुलैपासून पाणी ओसरायला लागतं आणि मागं सरकलेल्या काठावर कोवळं गवत उगवतं. आजूबाजूची रानं तेव्हा वाळलेली असतात. मग चहूकडचे हत्तींचे कळप संध्याकाळी या गवतावर उतरतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चांगल्या दिवशी एका वेळी दोनशेच्या वर हत्ती दिसतात. रानटी आशियाई हत्तींचा एवढा मेळा दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतो.

आम्ही संध्याकाळी चारच्या सुमारास आत होतो. चालकाने इंजिन बंद केलं. पंचवीस-तीस हातांवर एक हत्तीण चरत होती. गवत बोटभर उंचीचं, सोंडेत धरता येणार नाही असं. ती पुढच्या पायाच्या नखांनी जमीन हलकेच खरवडायची, खुरप्याने खुरपावं तशी. चार-पाच वेळा खरवडून झालं की सुटलेली जुडी सोंडेने उचलायची आणि गुडघ्यावर फटफट आपटून माती झाडायची, मगच तोंडात टाकायची. तिच्या पोटाखाली पिल्लू होतं. तेही पाय घासत होतं, पण त्याच्या सोंडेत काही येत नव्हतं. आम्ही चौघं तासभर तेवढंच बघत बसलो. आजूबाजूला शंभरेक हत्ती होते, त्यांचे आकडे मोजायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

मिन्नेरिया, कौडुल्ला आणि हुरुलू ही तिन्ही जंगलं लागून आहेत आणि हत्ती पाण्याप्रमाणे त्यांतून फिरतात. म्हणून हबरनाला पोहोचल्यावर ‘मिन्नेरियाच दाखवा’ असं धरून बसू नका. ‘आज हत्ती कुठल्या बाजूला आहेत?’ असं विचारा. जीपवाल्यांना रोजची खबर असते. तलावात पाणी जास्त सोडलं गेलं की गवत बुडतं आणि कळप कौडुल्लाकडे सरकतात.

बारा महिन्यांतून कधीही गेलात तरी हत्ती हमखास दिसावेत असं वाटत असेल तर उडवलवे. १९७२ साली धरणाच्या जलाशयाभोवती हे अभयारण्य झालं. रान उघडं, गवताळ, त्यामुळे लहान मुलांनाही जनावर लगेच दिसतं. शेजारीच आईविना राहिलेल्या हत्तीच्या पिल्लांचं संगोपन केंद्र आहे, १९९५ पासूनचं. पिल्लांना ठरलेल्या वेळी दूध पाजतात, आपण कठड्यामागून बघायचं. हात लावू देत नाहीत, आणि ते बरंच आहे, कारण मोठी झाल्यावर ती परत जंगलात सोडायची असतात. हत्तीवर बसून फेरी किंवा साखळदंडातल्या हत्तीला अंघोळ, असलं काही कुणी दाखवत असेल तर तिथं पैसे देऊ नका. एकदा मोकळा कळप बघितला की ते बघवतही नाही.

बिबट्यासाठी ‘याला’ अभयारण्य. १९३८ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं, आग्नेय किनाऱ्याला लागून. श्रीलंकेत वाघ नाही, सिंह नाही, त्यामुळे बिबट्या तिथला राजा. उघड्या खडकावर दिवसाढवळ्या पसरलेला दिसू शकतो. आपल्याकडे कोयना-चांदोलीत बिबट्या आहे हे माहीत असूनही तो कुणाला दिसत नाही, तो इथं शेपटी हलवताना बघायला मिळतो. फेब्रुवारी ते जुलै हा कोरडा काळ चांगला, कारण तेव्हा पाणवठे थोडे उरतात. सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ‘याला’चा मुख्य भाग बहुधा बंद ठेवतात, तारखा आधी बघून घ्या. मे-जूनमध्ये पालू नावाच्या झाडाची पिवळी फळं पिकतात. ही आपली रांजण, खिरणी. ती खायला अस्वलं झाडावर चढतात. बिबट्या नाही दिसला तरी अस्वल दिसेल, या आशेनेच मे महिन्यात ‘याला’त जावं. आम्हाला बिबट्या दिसला नाही. अस्वल दिसलं, फांदीवर बसून दोन्ही पंजांनी फळं ओढणारं.

गर्दी नको असेल तर वायव्येकडचं विल्पत्तू. ते सर्वांत मोठं. पाखरांसाठी बुंदला. ज्यांनी मायणीच्या तलावावर रोहित बघितलेत त्यांना तिथली पाणथळ ओळखीची वाटेल.

आणि पावसाळी जंगलच बघायचं असेल तर सिंहराजा, १९८८ पासून जागतिक वारसास्थळ. आपला पश्चिम घाट आणि श्रीलंका हे जगाच्या जैवविविधतेच्या नकाशावर एकच क्षेत्र मानतात. तिथं शिरलं की पाटण-कोयनेची आठवण येते. झाडं उंच, उजेड कमी, जमीन ओली आणि जळवा भरपूर. पायमोजे विजारीवर ओढून घ्या, पुरचुंडीत मीठ ठेवा. चिकटलेली जळू उपटू नका, मीठ लावा, आपोआप सुटते. इथं वाटाड्या घ्यावाच लागतो, आणि घेतलेला बरा. निळ्या पिसांची, लाल चोचीची श्रीलंकन मॅगपाय आमच्या डोक्यावर होती आणि आम्ही जमिनीकडे बघत होतो.

पाचवी पायरी : जीपमध्ये बसल्यावर

सफारीचा खर्च तीन भागांत येतो : जीपचं भाडं, माणशी प्रवेश आणि सगळ्या गटाला मिळून एक सेवाशुल्क, वर कर. त्यामुळे दोघंच असाल तर दुसऱ्या कुटुंबाबरोबर जीप वाटून घ्या, बराच फरक पडतो.

‘याला’ अभयारण्याचं दार पहाटे सहाला उघडतं. जवळचं गाव तिस्समहाराम, तिथून साडेचार-पाचला निघावं लागतं. हॉटेलला रात्रीच सांगितलं तर नाश्ता डब्यात बांधून देतात. आत बिबट्या दिसल्याची खबर लागली की सगळ्या जीप एकाच ठिकाणी धावतात आणि धूळ उडते. निघण्यापूर्वीच चालकाला सांगून ठेवा, ‘आम्हाला पळापळ नको, पाणवठ्यावर थांबू.’ बक्षिशी बिबट्या दाखवल्याबद्दल न देता नीट गाडी चालवल्याबद्दल द्या, आणि तेही आधी बोलून दाखवा.

अंगावर भडक रंग नको, अत्तर नको, मोठ्याने हाका नकोत. हत्तीने कान ताठ केले, सोंड आत वळवली, डोकं झटकलं की गाडी मागं घ्यायला सांगा. बुत्तल ते कतरगामा रस्त्यावर हत्ती गाड्या अडवून खायला मागतात. केळं पुढं करायचा मोह होतो. काच बंद ठेवा. माणसाच्या हातचं खायला शिकलेला हत्ती पुढे दुसऱ्या कुणाच्या गाडीवर जातो, आणि शेवटी जीव हत्तीचा जातो. श्रीलंकेत अलीकडे माणूस आणि हत्तीच्या झगड्यात आणि अपघातांत दरवर्षी चारशेच्या आसपास हत्ती मरतात, माणसंही शंभराच्या वर. जावळी-पाटणात गवे शेतात उतरल्यावर शेतकऱ्याची काय गत होते ते आपण जाणतो. तिथल्या शेतकऱ्याच्या दारात तर हत्ती येतो.

त्यांच्याकडे दहातल्या एकाही नर हत्तीला धड सुळे नसतात. सुळ्याविना हत्तीला ‘अलिया’ म्हणतात आणि सुळेवाल्याला ‘ऐता’. चालकाने ऐता म्हटलं की दुर्बीण उचला.

सहावी पायरी : गड आणि लेणी

सातारकरांना गडाचं कौतुक असतं, म्हणून सिगिरियाबद्दल थोडं जास्त सांगते. सपाट रानातून एकदम वर आलेला जवळपास २०० मीटरांचा कातळ. पाचव्या शतकात कश्यप राजाने त्याच्या माथ्यावर राजवाडा बांधला. १२०० च्या आसपास पायऱ्या. अजिंक्यतारा रोज चढणाऱ्याला अवघड नाही, पण मधले लोखंडी जिने उघड्यावर टांगलेले आहेत, उंचीची भीती असणाऱ्यांनी खालचे सिंहाचे पंजे बघून थांबावं. सकाळी दार उघडतं तेव्हाच चढा, दहानंतर कातळ तापतो. गांधीलमाश्यांची पोळी आहेत, शांत राहण्याच्या पाट्या लावल्यात, त्या खऱ्याच पाळायच्या. भिंतीवरच्या चित्रांतल्या बायका बघून अजिंठा आठवतो. तिथं फोटो काढायला बंदी आहे. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना खालच्या पाण्याच्या बागेत बसवा. पंधराशे वर्षांपूर्वीची कारंजी पावसाळ्यात अजूनही उडतात.

सिगिरिया, पोलोन्नरुवा, अनुराधापूर इथं सार्क, म्हणजे भारतासह दक्षिण आशियाई गटातल्या देशांच्या नागरिकांना परदेशी तिकिटात मोठी सवलत आहे. पण मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो, मोबाइलवरचा फोटो चालवून घेतीलच असं नाही.

पोलोन्नरुवाच्या गल विहारात १४ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे, एकाच कातळात कोरलेला. त्याची उशी जवळ जाऊन बघा. डोक्याच्या भाराने उशीला खळगा पडलाय, तो दगडात कोरलाय.

देवळात जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. दुपारी दगड इतके तापतात की अनवाणी चालवत नाही, म्हणून पिशवीत जाड मोजे ठेवा, मोजे घातलेले चालतात. बुद्धमूर्तीकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढणं तिथं फार मोठा अवमान समजतात. दर पौर्णिमेला सुट्टी असते, तिला पोया म्हणतात. त्या दिवशी दारू विकत नाहीत आणि देवळांत प्रचंड गर्दी असते.

यालाजवळ कतरगामाला कार्तिकस्वामींचं मोठं क्षेत्र आहे. हिंदू आणि बौद्ध तिथं एकाच रांगेत फळांची ताटं घेऊन उभे राहतात. आपल्याकडे बायका कार्तिकस्वामींचं दर्शन एरवी घेत नाहीत. तिथं सगळ्या जातात. माझ्या जावेने आधी बाहेरूनच हात जोडले. मग शेजारच्या बाईने तिचा हात धरून तिला आत नेलं.

नुवारा एलियाहून हॉर्टन प्लेन्सला जाणार असाल तर पहाटे पाचला निघा. जवळपास नऊ किलोमीटरचा पायी फेरा आहे आणि ‘वर्ल्ड्स एंड’ हा सुमारे ८८० मीटरांचा कडा आहे. नऊ-दहानंतर तो ढगात जातो, मग आर्थर सीटला धुक्यात उभं राहिल्यासारखं, समोर नुसतं पांढरं. दारात प्लास्टिकच्या पिशव्या काढून घेतात, खाऊ आधीच डब्यात भरा. स्वेटर लागतो.

सातवी पायरी : खाणं

भात आणि चार-पाच भाज्या हे रोजचं जेवण, त्यात नारळाचं दूध. आपल्या जिभेला लगेच बसतं. शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. ‘उंबलकड’ म्हणजे वाळवलेल्या माशाचा चुरा, तो तिथं चवीपुरता नारळाच्या चटणीत आणि पुष्कळ भाज्यांतही घालतात, आणि त्याला कुणी मासा धरत नाही. ‘व्हेज आहे का?’ विचारलं तर होच म्हणतील. म्हणून ‘मस-मालु एपा, उंबलकड एपा’ असं सांगा. मस म्हणजे मांस, मालु म्हणजे मासे, एपा म्हणजे नको.

वरण मिळतं, त्याला ‘परिप्पु’ म्हणतात. कोवळ्या फणसाची भाजी, ‘पोलोस’, चुकवू नका. म्हशीच्या दुधाचं मडक्यातलं दही आणि त्यावर कितुल नावाच्या माडाची काकवी, हे तर उसाच्या काकवीवर वाढलेल्या सांगली-कराडकडच्या माणसाला घरचंच वाटेल. कवठाचा रसही मिळतो. पाणी बाटलीचंच प्या.

हाक मारायला सोपं आहे. मोठ्या बहिणीला सिंहलीत ‘अक्का’च म्हणतात. खानावळीत वाढणाऱ्या बाईला मी सहज ‘अक्का, भात’ म्हटलं आणि ती थबकून हसली, मग पापड दोन वाढले. धाकटा भाऊ ‘मल्ली’, मोठा ‘अय्या’, धाकटी बहीण ‘नंगी’. आभाराला ‘स्तुति’.

आठवी पायरी : समुद्र

मिरिसाला नोव्हेंबर ते एप्रिल, त्रिंकोमालीला साधारण मे ते ऑक्टोबर, या दिवसांत निळा देवमासा दिसू शकतो. बोटी सकाळी साडेसहाच्या सुमारास निघतात, चार-पाच तास लागतात. पोटात थोडं कोरडं खाऊन जा, गोळी घ्या, जीवनरक्षक जाकीट काढू नका. देवमाशाच्या अगदी जवळ बोट नेणारा नाविक निवडू नका.

कासवांसाठी तंगल्लेजवळचं रेकवा. रात्री किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, राखणदारांबरोबर अंधारात थांबायचं, विजेरी आणि फ्लॅश बंद. वेळासला गेलेल्यांना हे सांगावं लागत नाही. पैसे घेऊन पिल्लं हातात देणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. पोहायचं तर लोक पोहतात तिथंच पोहा, दक्षिण किनाऱ्याला ओढ आहे.

बॅग भरताना

डासांचं मलम, ओआरएस, टोपी, जाड मोजे, पातळ रेनकोट, दुर्बीण. दुर्बीण एक तरी घ्याच, मोबाइलच्या कॅमेऱ्याने लांबचा धनेश पक्षी काळा ठिपका दिसतो. नवीन हॉटेलांत चौकोनी पिनांचे सॉकेट असतात, त्याला अ‍ॅडॉप्टर लागतो. आणि साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा एक पुडा चालकासाठी. आमच्या चालकाने तो उघडला नाही, घरी लेकीला नेतो म्हणाला. शेवटच्या दिवशी विमानतळावर उतरवताना त्याने तिचा फोनवरचा फोटो दाखवला, हातात पेढा धरलेला. परतीचं विमान पहाटेचं असेल तर आदली रात्र नेगोंबोला काढा, तिथून विमानतळ जवळच आहे.